बटर घ्यायचं की मार्जरीन? मुंबईत नवं स्वयंपाकघर मांडणाऱ्यांसाठी

मुंबईत पहिल्यांदा स्वतःचं स्वयंपाकघर मांडणाऱ्याची किराणा दुकानातल्या फ्रिजसमोर हमखास गल्लत होते. पिवळ्या रंगाची चार-पाच पाकिटं एकाला लागून एक. आकार जवळपास सारखा, चित्रं तीच: टोस्ट, पाव, वर वितळणारा चौकोनी तुकडा. त्यातलं एक खरं बटर असतं, दुसरं भरपूर पाणी असलेलं स्प्रेड, तिसरं बेकरीवाल्यांसाठी बनवलेलं मार्जरीन, म्हणजे तेलापासून बटरसारखं घट्ट केलेलं. दुकानातल्या काकांना विचारलं तर ‘सगळं सारखंच आहे हो, हे स्वस्त पडेल’ हे उत्तर ठरलेलं. सारखं मुळीच नाही.

माझं मत आधीच सांगून टाकते. जिथे चव जिभेला कळणार आहे तिथे बटर किंवा घरचं लोणी घ्या, पण मोजून. जिथे ती कळणारच नाही तिथे बहुतेक वेळा दोन्ही नकोत, तेल पुरतं. मार्जरीनला जागा आहे, पण थोड्याच कामांत, आणि तीही कुठलं मार्जरीन हे पाकीट उलटून बघितल्यावर. हे ‘उलटून बघणं’ कसं करायचं, यावरच पुढे जास्त लिहिलं आहे.

पायरी १: काम ठरवा, मग पाकीट

घरात या पदार्थाची कामं मोजकी. वरून घ्यायचं: थालीपिठावर, भाकरीवर, टोस्टवर, बनपावात. तव्यावर सोडायचं: डोसा, सँडविच, पावभाजी. पिठात घालायचं: नानकटाई, केक, बिस्किटं. आणि काही जण फोडणीलाही बटर घेतात.

फोडणीचं आधी निकालात काढू. बटरमध्ये सोळा टक्क्यांपर्यंत पाणी असतं आणि थोडे दुधातले घन कण असतात. ते कण साधारण १५० अंश सेल्सिअसच्या पुढे करपू लागतात. मोहरी नीट तडतडेपर्यंत तळाशी काळे ठिपके दिसतात आणि वरणाला जळका वास येतो. तूप चालतं, कारण लोणी कढवताना पाणी उडून जातं आणि ते कण बेरी होऊन गाळले जातात. रोजची भाजी, आमटी, उसळ याला शेंगदाणा, सूर्यफूल, करडई, जे घरात वापरता ते तेल. बटर-मार्जरीनचा प्रश्न तिथे येतच नाही.

उरलेल्या तीन कामांत वरून घेण्याचं काम सगळ्यांत चोखंदळ. पदार्थ गरम, वर पडलेला तुकडा कच्चा, आणि मध्ये लपवायला मसाला नाही. तिथे नक्कल लगेच उघडी पडते.

पायरी २: समोरचं चित्र सोडा, बारीक अक्षरांतलं नाव वाचा

कंपनीचं नाव मोठं असतं, पदार्थाचं कायदेशीर नाव लहान. तुम्हाला हवंय ते लहान नाव. अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाच्या, म्हणजे एफएसएसएआयच्या नियमांत या नावांचे अर्थ पक्के आहेत.

‘टेबल बटर’ लिहिलं असेल तर त्यात कमीत कमी ८० टक्के दुधाचा स्निग्धांश हवा, मीठ जास्तीत जास्त तीन टक्के. वनस्पती तेलाचा थेंबही चालत नाही. ‘व्हाइट बटर’ म्हणजे पांढऱ्या लोण्यात हे प्रमाण किमान ७६ टक्के. ‘टेबल मार्जरीन’मध्येही किमान ८० टक्के स्निग्ध पदार्थ असतो, पण तो मुख्यतः खाद्यतेलांचा. ‘फॅट स्प्रेड’ हा तिसरा प्रकार: स्निग्धांश ४० ते ८० टक्क्यांच्या मधे कुठेही, बाकी पाणी. त्यातही ‘मिक्स्ड फॅट स्प्रेड’ म्हणजे दुधाचा स्निग्धांश आणि तेल यांची सरमिसळ, ‘व्हेजिटेबल फॅट स्प्रेड’ म्हणजे फक्त तेल. ‘बेकरी मार्जरीन’ किंवा ‘बेकरी शॉर्टनिंग’ दिसलं तर ते पावाला लावायचं नव्हेच.

एकाच कंपनीचे दोन्ही प्रकार असतात, त्यामुळे ओळखीच्या नावावर विसंबू नका. अमूलचंच बघा: बटर वेगळं, आणि ‘डिलिशस’ व ‘लाइट’ ही फॅट स्प्रेड वेगळी. झायडसचं न्यूट्रालाइट मुंबईच्या हॉटेलांत आणि सँडविचवाल्यांकडे भरपूर दिसतं, पण त्यालाही लोक सर्रास ‘बटर’च म्हणतात. हिरवा ठिपका दोन्हींवर असतो, कारण दोन्ही शाकाहारी. तो बघून काही कळत नाही.

भावाची तुलना करताना एक छोटा हिशेब करा. चाळीस टक्क्यांचं स्प्रेड बटरपेक्षा स्वस्त दिसतं खरं, पण त्यात स्निग्धांश बटरच्या निम्मा. उरलेल्या जागेत पाणी आहे आणि पैसे तुम्ही त्याचेही देता. कॅलरी कमी करायच्या म्हणून घेत असाल तर ठीक. स्वस्त पडतं म्हणून घेत असाल तर पुन्हा विचार करा.

पायरी ३: घटकांची ओळ आणि खालचा तक्ता

बटरच्या पाकिटावर घटकांची यादी एका ओळीत संपते: बटर, मीठ, आणि बऱ्याचदा अॅनाटो नावाचा बियांपासून काढलेला नैसर्गिक रंग. म्हशीच्या दुधाचं लोणी मुळात पांढरंच असतं, गाईचं पिवळसर. पाकिटातल्या बटरचा तो ठरावीक सोनेरी रंग वर्षभर एकसारखा राहावा म्हणून रंग घालतात.

मार्जरीनची यादी लांब. आधी खाद्यतेल, बहुतेक वेळा पाम. मग पाणी, मीठ. मग आकडे: ४७१ आणि ३२२ ही तेल-पाणी एकजीव ठेवणारी द्रव्यं (३२२ म्हणजे लेसिथिन, बरेचदा सोयाबीनचं), २०२ किंवा २११ ही टिकवणारी, ३१९ तेल खवट होऊ नये म्हणून, १६० चा कुठला तरी प्रकार रंगासाठी, शिवाय बटरसारखा वास देणारा अर्क आणि वरून घातलेलं ‘अ’ जीवनसत्त्व. या आकड्यांना घाबरायचं कारण नाही, ही परवानगी असलेली द्रव्यं आहेत. पण एवढा लवाजमा कशासाठी लागला याचा विचार जरूर करावा. तेल आणि पाणी आपण होऊन एकत्र नांदत नाहीत.

दोन शब्द मात्र थांबून वाचा. ‘हायड्रोजनेटेड’ म्हणजे तेलात हायड्रोजन मिसळून ते घट्ट केलेलं, जुन्या वनस्पती तुपाची पद्धत. ‘इंटरएस्टेरिफाइड’ म्हणजे तेलातल्या घटकांची जागा आपापसांत बदलून घट्टपणा आणलेला. दुसऱ्या पद्धतीत ट्रान्स फॅट, म्हणजे हृदयाला घातक असा स्निग्धांश, तयार होत नाही, म्हणून आता बहुतेक कंपन्या तिकडे वळल्या आहेत.

दुधाची अॅलर्जी असलेल्यांनी किंवा दूध पूर्ण सोडलेल्यांनी मार्जरीन म्हटलं की दूध नसणार असं धरून चालू नये. काही मार्जरीनमध्ये दूध पावडर किंवा व्हे (फाटलेल्या दुधाचं पाणी) असतं. ठळक अक्षरांतली अॅलर्जीची सूचना शोधा.

मग पोषणाचा तक्ता. बाकी ओळी सोडा. १०० ग्रॅमच्या रकान्यातली सॅच्युरेटेड फॅट (संपृक्त, म्हणजे सहसा घट्ट राहणारा आणि वाईट कोलेस्टेरॉल वाढवणारा स्निग्धांश) आणि ट्रान्स फॅट यांची बेरीज करा. बटरच्या पाकिटावर सॅच्युरेटेड फॅट ५१ ग्रॅमच्या आसपास असते. तुमच्या हातातल्या मार्जरीनची बेरीज चाळीसच्या वर असेल तर तब्येतीच्या नावाखाली ते घेण्यात फारसा अर्थ नाही, चवही गेली आणि फायदाही नाही. पंचवीसच्या खाली असेल तर फरक खरा आहे.

‘कोलेस्टेरॉल फ्री’ या मोठ्या अक्षरांना भुलू नका. वनस्पती तेलात कोलेस्टेरॉल नसतंच, मग ते सूर्यफुलाचं असो की पामचं. ‘ट्रान्स फॅट फ्री’ म्हणायला १०० ग्रॅममध्ये ०.२ ग्रॅमपेक्षा जास्त ट्रान्स फॅट नसावी असा नियम आहे, तेव्हा तो दावा निदान तपासता येण्यासारखा आहे.

पायरी ४: घरीच चव घेऊन बघा

कोणी काहीही सांगो, एकदा दोन्ही शेजारी ठेवून खाऊन बघा. शंभर ग्रॅमची दोन पाकिटं पुरतात. दोन्ही फ्रिजमधून एकाच वेळी बाहेर काढा, अर्धा तास ओट्यावर राहू द्या. पाव नको, पावात स्वतःचं मीठ असतं. मीठ न घातलेली गरम पोळी घ्या. तिच्या दोन तुकड्यांवर दोन्ही लावा, घरातल्या कुणाला तरी पाठ फिरवून लावायला सांगा म्हणजे कुठलं कोणतं हे तुम्हाला कळणार नाही.

आधी वास घ्या. मग तुकडा जिभेवर ठेवा आणि लगेच चावू नका. बटर ३२ ते ३५ अंशांच्या दरम्यान वितळतं, म्हणजे तोंडातल्या उष्णतेपेक्षा थोडं खालीच. ते एकदम सुटतं आणि दुधाचा गोडवा पसरतो. घट्ट मार्जरीन वितळायला वेळ घेतं आणि गिळल्यावरही टाळ्याला एक पातळ थर चिकटून राहतो, जिभेने खरवडावासा वाटतो. मऊ, डब्यातलं मार्जरीन असेल तर हा थर जाणवणार नाही, पण वास पटकन संपेल.

आणि मिठाचा डाव लक्षात ठेवा. आपल्याला ‘बटरची चव’ म्हणून जे आवडतं त्यात मिठाचा वाटा मोठा असतो. अमूल बाजारात यायच्या आधी मुंबईकरांच्या जिभेवर पोल्सनच्या बटरचं राज्य होतं. ते आंबलेल्या सायीचं, भरपूर खारट, पिवळंजर्द. अमूलचं ताज्या सायीचं बटर आलं तेव्हा गिऱ्हाइकांना ते फिकं आणि अळणी वाटलं, आणि शेवटी कंपनीला मीठ नि रंग घालावा लागला. म्हणून तुलना करताना दोन्ही खारवलेली घ्या, नाहीतर दोन्ही बिनमिठाची. खारट मार्जरीन अळणी लोण्याला सहज हरवेल, त्यात मार्जरीनचं कर्तृत्व काही नाही.

वरून घ्यायच्या कामाला माझं पहिलं मत घरच्या लोण्याला आहे, आणि ते वन रूम किचनमध्येही जमतं. फुल क्रीम दुधाची पिशवी घ्या. तिच्यात किमान सहा टक्के स्निग्धांश असतो, टोन्डमध्ये तीन, म्हणून टोन्डवर साय धरेल पण लोणी नावापुरतं निघेल. रोजची साय झाकणाच्या डब्यात फ्रिजमध्ये साठवा. आठवड्याभराने चमचाभर दह्याचं विरजण लावून रात्रभर बाहेर ठेवा, पावसाळ्यात जरा जास्त वेळ. सकाळी त्यात फ्रिजचं गार पाणी घालून रवीने घुसळा, किंवा मिक्सरला थांबून थांबून फिरवा. आधी साय फुगते आणि रवी जड होते. मग एका क्षणी सगळं फाटल्यासारखं दिसतं, ताक पातळ होतं आणि पिवळट-पांढरे कण वर येतात. इथे घाबरून थांबू नका, अजून दोन फेऱ्या द्या. गोळा जमला की तो काढून गार पाण्यात दोन-तीनदा धुवा, पाणी नितळ दिसेपर्यंत. आत ताक राहिलं तर लोणी दुसऱ्याच दिवशी आंबूस होतं. वाटीत पाण्याखाली बुडवून फ्रिजमध्ये ठेवलं तर तीन-चार दिवस छान टिकतं. उरलं तर कढवा.

हे लोणी आणि भाजणीचं थालीपीठ यांच्यामध्ये कुठलंही पाकीट आणू नये.

पायरी ५: तव्यावर

बटर एकटं टाकू नका. आधी थोडं तेल, ते तापलं की बटर, आच मध्यम. तेलामुळे बटरचे कण करपायचे थांबत नाहीत, पण कमी बटरमध्ये काम होतं आणि तेवढंच कमी जळतं. फेस यायला लागला म्हणजे पाणी उडतंय. फेस बसला आणि खमंग वास आला की पाव उलटा.

स्प्रेड तव्यावर टाकलं तर ते तडतडतं, अंगावर उडतं, आणि पाव खरपूस व्हायच्या आधी ओला होतो. पाणी जास्त, दुसरं काय होणार? तव्यासाठी मार्जरीन वापरायचंच असेल तर ८० टक्क्यांचं टेबल मार्जरीन घ्या. पावभाजीत मात्र गंमत आहे. भाजीत मसाला, टोमॅटो, लसूण इतकं असतं की आत शिजलेलं बटर ओळखूच येत नाही. म्हणून घरी करताना भाजी तेलात परता, आणि बटर फक्त शेवटी वरून आणि पावाला. निम्म्या बटरमध्ये तीच पावभाजी.

पायरी ६: नानकटाई, केक, खारी

इथे मार्जरीनची बाजू थोडी मजबूत होते, म्हणून सविस्तर.

पिठात घातलेलं मोहन पदार्थ खुसखुशीत करतं. नानकटाईला मुळात तूप, तेही थिजलेलं, फेटून हलकं केलेलं. पूर्वी घरून मैदा, पिठीसाखर, तूप घेऊन गल्लीच्या तोंडाशी असलेल्या बेकरीत जायचं आणि नानकटाई भाजून आणायची, अशी पद्धत होती. तुपाची नानकटाई तोंडात टाकल्यावर विरघळते. बटरची थोडी वेगळी होते, कारण बटरमधल्या पाण्यामुळे कुरकुरीतपणा वाढतो. मार्जरीनची दिसायला सुबक होते, भाजताना पसरत नाही, पण दुसऱ्या दिवशी वास उरत नाही.

साध्या केकला बटर आणि टेबल मार्जरीन दोन्ही चालतात. मार्जरीन फेटायला सोपं, हवा चांगली धरतं, केक फुलतो. चव हवी तर बटर. चॉकलेट केकमध्ये कोकोचा वास इतका जबरदस्त असतो की मी तरी बटरवर पैसे घालत नाही, आणि खरं सांगायचं तर तिथे मार्जरीनही नको, वाटीभर तेलातला चॉकलेट केक जास्त मऊ राहतो. केकसाठी बिनमिठाचं बटर घ्या, आणि ‘लाइट’ किंवा चाळीस टक्क्यांचं स्प्रेड कधीच वापरू नका. पाण्याने सगळं माप बिघडतं.

खारी आणि पफचं गणित निराळं. चिरोट्याला आपण साटा लावतो तसाच हा थरांचा खेळ, फक्त साट्याच्या जागी घट्ट स्निग्ध पदार्थाची लादी असते. ती लाटताना वितळली की थर एकमेकांत मिसळतात आणि खारीचा नुसता जाड बिस्कीट होतो. मुंबईच्या एप्रिल-मेच्या उकाड्यात बटर लाटण्याखालीच पाघळायला लागतं. बेकरीवाले पफसाठी खास कडक मार्जरीन वापरतात ते यासाठी, फक्त स्वस्त म्हणून नाही. घरी बटरची खारी करायची हौस असेल तर डिसेंबर-जानेवारीत करा, सकाळी लवकर, आणि प्रत्येक घडीनंतर कणीक वीस मिनिटं फ्रिजमध्ये.

क्रॉफर्ड मार्केटच्या आसपासच्या केक-सामानाच्या दुकानांत बेकरी मार्जरीन मोठ्या लाद्यांतून कापून सुटं मिळू शकतं. ते घेऊ नका. सुट्या तुकड्यावर नाव नाही, तक्ता नाही, तारीख नाही. आतापर्यंतच्या पायऱ्यांपैकी एकही तिथे लागू पडत नाही.

पायरी ७: तब्येतीचं काय?

या विषयावर घरात दोन पिढ्यांची दोन मतं असतात, एक म्हणते मार्जरीन घातक, दुसरी म्हणते ते बटरपेक्षा बरं, आणि दोघांकडे कारण आहे.

मार्जरीन १८६९ मध्ये फ्रान्समध्ये इपोलित मेज-मुरिएस या रसायनशास्त्रज्ञाने बनवलं. तिसऱ्या नेपोलियनला सैन्यासाठी आणि गरिबांसाठी लोण्याला स्वस्त पर्याय हवा होता. ते मूळ मार्जरीन गाईच्या चरबीपासून होतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तेलात हायड्रोजन मिसळून ते घट्ट करण्याची युक्ती सापडली आणि चरबीची जागा तेलाने घेतली. आपल्याकडे त्याचं भावंड म्हणजे वनस्पती तूप. शिवडीत १९३२ मध्ये त्याचा कारखाना सुरू झाला, १९३७ मध्ये डालडा आलं, आणि पिवळ्या डब्याने घराघरांत जागा मिळवली. साजूक तुपात ते मिसळून विकलं जाऊ लागलं, तेव्हा भेसळ पकडता यावी म्हणून वनस्पती तुपात तिळाचं तेल घालणं सक्तीचं केलं गेलं. तिळाच्या तेलाला आम्ल आणि साखरेच्या चाचणीत गुलाबी-लाल रंग येतो, साजूक तुपाला येत नाही.

या अर्धवट हायड्रोजन मिसळण्याच्या पद्धतीत ट्रान्स फॅट तयार होते. ती रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल वाढवते आणि चांगलं कमी करते, दोन्हीकडून मार. जुनं मार्जरीन आणि डालडा बटरपेक्षा घातक होतं, हे म्हणणारी पिढी म्हणूनच बरोबर होती. पण पाकिटातला माल बदलला आहे. भारतात तेल-तुपातल्या ट्रान्स फॅटची मर्यादा पाच टक्क्यांवरून १ जानेवारी २०२१ पासून तीन, आणि १ जानेवारी २०२२ पासून दोन टक्के झाली. नावाजलेल्या कंपनीचं आजचं मार्जरीन आणि १९९० मधलं मार्जरीन यांना एका तराजूत तोलू नये. बटरमध्येही थोडी नैसर्गिक ट्रान्स फॅट असते, गुरांच्या पोटातच ती तयार होते. माणसाने दिवसभरात एकूण ट्रान्स फॅट ऊर्जेच्या एक टक्क्याहून कमी ठेवावी, म्हणजे दोन हजार कॅलरीच्या आहारात साधारण २.२ ग्रॅमच्या आत, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

आता सॅच्युरेटेड फॅट. दोन हजार कॅलरीच्या आहारात ती साधारण २२ ग्रॅमच्या आत असावी अशी शिफारस आहे. दहा ग्रॅम बटर, म्हणजे दोन सपाट चहाचे चमचे, यात सुमारे ७२ कॅलरी आणि पाच ग्रॅम सॅच्युरेटेड फॅट. रोज एवढं घेतलं तर निरोगी माणसाचं आकाश कोसळत नाही. पावभाजीच्या एका प्लेटमध्ये तीस ग्रॅम गेलं तर तिथेच पंधरा ग्रॅम झाली, आणि अजून दूध, चहा, खोबरं, फरसाण बाकी आहे. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत दोन हजार कॅलरीच्या ताटात तेल-तूप-बटर सगळं मिळून सुमारे २७ ग्रॅम धरलं आहे. आपल्या घरातलं तेलाचं कॅन किती दिवसांत संपतं ते माणसांवर वाटून बघा, बटरचा वाद किती छोटा आहे ते कळेल.

सॅच्युरेटेड फॅट कमी करून तिच्या जागी असंपृक्त (अनसॅच्युरेटेड), म्हणजे सूर्यफूल-शेंगदाण्यासारखी पातळ राहणारी तेलं घेतली तर वाईट कोलेस्टेरॉल उतरतं, हे पक्कं आहे. म्हणून कोलेस्टेरॉल वाढलेल्या, हृदयविकार झालेल्या माणसाला रोज पावाला काही लावायचंच असेल तर डब्यातलं मऊ, सॅच्युरेटेड फॅट कमी असलेलं मार्जरीन बटरपेक्षा बरं, आणि तेही डॉक्टरांना विचारून. पण बटर काढून तिथे जॅम किंवा आणखी दोन पाव आले तर काही कमावलं नाही.

मुंबईत एक सोपी खूण मिळते. मे महिन्यात दुपारी ओट्यावर ठेवलेली लादी तासाभराने तशीच ताठ उभी असेल, तर तिच्यात घट्ट स्निग्धांश भरपूर आहे, मग पाकिटावर हृदयाचं चित्र असो वा नसो. बटर तोवर बसलेलं असतं.

रक्तदाब असलेल्यांनी मीठही बघावं. खारवलेल्या बटरच्या १०० ग्रॅममध्ये साधारण ८०० मिलिग्रॅमच्या वर सोडियम असतं. दहा ग्रॅमला ते फार नाही, पण लोणचं-पापड-वेफर सोबत असतील तर बिनमिठाचं घ्या.

पायरी ८: आणल्यावर ठेवायचं कसं

शंभर ग्रॅमची वडी आणली की फ्रिजमध्ये टाकायच्या आधी सुरीने दहा समान खुणा करा. एक खूण म्हणजे दहा ग्रॅम. वजनकाटा नको, आणि आपण किती खाल्लं हे रोज दिसतं.

परदेशातल्या पाककृतींत बटर ओट्यावर ठेवायला सांगतात ते विसरा, इथल्या दमटपणात ते दुपारपर्यंत पाघळतं आणि खवट व्हायला लागतं. फ्रिजच्या दारातल्या कप्प्यातही नको, तिथे सारखी गरम हवा लागते. आतल्या बाजूला, कागदात गुंडाळून, घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात. बटर आसपासचे वास ओढून घेतं. चार जणांचा एक फ्रिज असेल आणि कुणी सुके बोंबील नाहीतर कापलेला कांदा उघडा ठेवला असेल, तर सकाळचा टोस्ट त्याची साक्ष देईल. मोठं पाकीट स्वस्त पडतं म्हणून आणलं तर तुकडे करून डीप फ्रीझरला टाका, लागेल तसं आदल्या रात्री खाली घ्या. घाईत असाल तर गार बटर किसणीवर किसा. गरम थालीपिठावर तो कीस लगेच वितळतो आणि तुकड्यापेक्षा निम्म्यात भागतं.

पायरी ९: बाहेर खाताना

धोबीतलावच्या कयानीसारख्या इराणी हॉटेलात बनमस्का, नाक्यावर सँडविच, रात्री पावभाजी. ‘बटर’ हा शब्द सगळीकडे आहे, पदार्थ मात्र जिथेतिथे वेगळा. गाडीवर सरळ विचारा, ‘दादा, पाकीट कुठलं आहे?’ लपवायचं नसेल तर बहुतेक जण दाखवतात, लादी तव्याशेजारीच असते. मेनूकार्डावर ‘अमूल पावभाजी’ असा वेगळा, जास्त दराचा प्रकार असेल तर साध्या प्रकारात अमूल नाही हे त्यांनीच सांगून टाकलं आहे.

कमी हवं असेल तर ‘बटर कम’ हे ऑर्डर देतानाच सांगा, आणि भाजीतही कमी असं स्पष्ट म्हणा. नुसतं ‘कम’ म्हटलं की फक्त वरचा तुकडा लहान होतो. पाव कोरडा मागता येतो, तो वेगळा भाजून देतात. प्लेट समोर आल्यावर वरचा गोळा चमच्याने बाजूला काढण्यात अर्थ नाही, आतलं आधीच शिजून गेलेलं असतं.